पोलंडमधली विगिलिया : पहिल्यांदाच जेवायला बोलावलंय. काय न्यावं, काय पाळावं?

ऋता_क्राको | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

नोकरीसाठी क्राकोला आले तेव्हापासून इथला नाताळ मी बाहेरूनच पाहिलाय. मुख्य चौकातला बाजार, रोषणाई, आणि २४ला दुपारनंतर एकदम ओस पडलेलं शहर. यंदा ऑफिसमधल्या मैत्रिणीने २४च्या संध्याकाळी तिच्या आईकडे जेवायला बोलावलंय. घर तार्नुफच्या बाजूला खेड्यात आहे. आजी, काका, भाचरं मिळून पंधरा-सोळा माणसं असतील आणि त्यांत मी एकटीच परकी.

या जेवणाला इथे विगिलिया म्हणतात. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. प्रश्न असे :
१. हातात काय घेऊन जावं?
२. जेवणाआधी ओप्वातेक नावाची पातळ चकती सगळे वाटून खातात म्हणे. ख्रिस्ती नसलेल्या माणसाने ती घेतली तर चालतं का?
३. टेबलावर एक जागा मुद्दाम रिकामी ठेवतात असं मैत्रीण म्हणाली. ती खरंच कुणासाठी असते?

नुसते शिष्टाचार नकोत, त्यामागचं काही माहीत असेल तर तेही लिहा. त्या घरात मला पाहुणी म्हणून नीट वागायचंय.

---

निनाद_व्रोत्स्वाफ | ७ डिसेंबर, रात्री १०:५५

ऋता, पोलंडमध्ये २४ची संध्याकाळ २५पेक्षा मोठी. ही पूर्णपणे घरच्यांची वेळ असते, मित्रमंडळींना एरवी कधीही बोलावतात, पण या दिवशी नाही. तेव्हा तुला बोलावणं आलंय याचा आनंद मान.

वेळेवर पोच. आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं अशी रीत आहे. डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे जेवण चार-पाचलाच सुरू होतं. पोरं खिडकीला नाक लावून बसलेली असतात, कारण तारा दिसल्याशिवाय जेवण नाही आणि जेवण झाल्याशिवाय भेटवस्तू नाहीत.

पांढऱ्या टेबलक्लॉथखाली थोडं वाळलं गवत पसरलेलं असतं, येशू गोठ्यात जन्मला त्याची खूण. घरातलं कुणी वडीलधारं बायबलमधला जन्माचा उतारा वाचतं, आणि मग ओप्वातेक. पीठ-पाण्याची, कागदासारखी पातळ चौकोनी चकती, तिच्यावर गोठ्याचं चित्र उठवलेलं. प्रत्येकाच्या हातात एक असते. आपण समोरच्याच्या चकतीचा तुकडा मोडायचा, त्याने आपल्या, आणि एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या. असं घरातल्या एकूण एक माणसाशी. शुभेच्छाही त्या माणसापुरत्या हव्यात. आजीचे गुडघे, भाच्याची परीक्षा, काकांचं नवं काम, सगळं त्यात येतं. वर्षभर अबोला धरलेले भाऊसुद्धा या वेळी समोरासमोर येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन मोठी माणसं रडत होती. मैत्रिणीला आत्ताच सगळ्यांची नावं विचारून ठेव आणि प्रत्येकासाठी एक-दोन पोलिश वाक्यं तयार कर. उच्चार चुकले तरी बिघडत नाही.

बूट दारातच काढायचे, घरातले सपाते देतात. फुलं नेलीस तर विषम संख्येत, आणि शेवंती अजिबात नको. ती १ नोव्हेंबरला कबरींवर वाहतात.

---

खवय्या_नारायणपेठ | ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

जेवणात काय असतं ते आधी लिहा हो! बारा पदार्थ असतात एवढं ऐकून आहे.

---

निनाद_व्रोत्स्वाफ | ८ डिसेंबर, सकाळी ८:३०

@खवय्या, हो, बारा. येशूच्या बारा शिष्यांचे म्हणून. सगळ्यांतलं थोडं थोडं चाखावं लागतं. या जेवणात मांस नसतं, मासे असतात. पूर्वी २४ला उपासच असायचा. आता चर्चची तशी सक्ती नाही, पण मी पाहिलेल्या प्रत्येक घरात पाळतात.

ऋतासाठी शाकाहारी यादी : लाल बिटाचं आंबट सार, म्हणजे बार्श्च, आणि त्यात सोडलेले मश्रूमचं सारण भरलेले छोटे उश्का. आंबवलेला कोबी आणि रानमश्रूम भरलेले पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्यांसारखा पदार्थ. कोबी-वाटाणा. खसखस घातलेल्या शेवया. माकोव्येत्स, म्हणजे आत काळ्या खसखशीचा जाड थर असलेला गुंडाळलेला गोड पाव. सुकवलेल्या आलुबुखार, सफरचंद, नासपतीचं पेय, त्याला धुराचा वास असतो आणि पहिला घोट घेताना दचकायला होतं. याशिवाय हेरिंग आणि कार्प मासा, ते तू सोडून दे. काही घरी बार्श्चमध्ये माशाचं पाणी घालतात, तेवढं विचारून घे.

माझी घरमालकीण मूळची ल्वूफकडच्या (आज युक्रेनमधलं ल्विव्ह) कुटुंबातली. युद्धानंतर ते शहर सोव्हिएत युनियनमध्ये गेलं आणि तिथली असंख्य पोलिश कुटुंबं व्रोत्स्वाफला येऊन वसली. तिच्याकडे कुत्या असते : शिजवलेले गहू, वाटलेली खसखस, मध, अक्रोड, मनुका. आपल्या खपली गव्हाच्या खिरीला सख्खी बहीण शोभेल. पश्चिमेकडच्या जुन्या पोलिश घरांत ती सहसा दिसत नाही, त्यामुळे कुत्या वाढली की घर मूळचं कुठलं ते कळतं.

तिच्याकडची रिकामी जागा तिच्या मावशीची आहे. १९४०च्या फेब्रुवारीत सोव्हिएत पोलिसांनी कुटुंबाला रात्रीतून उचलून सायबेरियाला नेलं, त्यांत मावशी होती. ती परत आली नाही. ताट अजून मांडतात.

---

खवय्या_नारायणपेठ | ८ डिसेंबर, सकाळी ८:४१

उपासाला बारा पदार्थ! एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण तिकडेही पोचली म्हणायची :)
माकोव्येत्सची पाककृती कुणीतरी टाकाच.

---

वसईची_लेक | ८ डिसेंबर, दुपारी १:०५

ऋता, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, मी कॅथलिक आहे.

ओप्वातेक निःशंक घे. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर जी भाकर पवित्र करतात ती आमच्यासाठी ख्रिस्ताचं शरीर असते. ती स्वीकारायला बाप्तिस्मा आणि पहिलं कम्युनियन झालेलं असावं लागतं. ओप्वातेक तशी नाही. ती घरात, टेबलापाशी वाटायची साधी भाकर आहे. ती नाकारलीस तर मात्र यजमानांना वाईट वाटेल. जेवणानंतर ते तुला मध्यरात्रीच्या मिस्सेला नेतील, तिला ते पास्तेर्का म्हणतात, म्हणजे मेंढपाळांची मिस्सा. तिथे कम्युनियनला, म्हणजे ती पवित्र भाकर घ्यायला, लोक रांगेने पुढे जातील तेव्हा तू जागेवर थांब. कुणालाही खटकत नाही.

आमच्या वसईत ओप्वातेक नाही. नाताळआधीच्या आगमनकाळात घर झाडून-पुसून होतं, अंगणात गोठा बांधतात, दाराशी चांदणी लागते, करंज्या-कलकलचे डबे भरतात. रात्री मराठीतून मिस्सा आणि २५ला दिवसभर घरोघरी जाणं. पोलंडमध्ये २५ला उलट कुणी कुणाकडे जात नाही म्हणतात, खरं का?

---

सुनीता_पोझनान | ८ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

खरं आहे. २५ला सगळे आपापल्या घरी, शिल्लक राहिलेलं खात आणि झोपा काढत. भेटीगाठी २६ला, तो इथे नाताळचा दुसरा दिवस आणि सुट्टीचा.

माझं सासर पोझनानचं, त्यामुळे माझी उत्तरं थोडी वेगळी असतील. प्रदेशागणिक खूप फरक पडतो. भेटवस्तू कोण आणतं यावरसुद्धा एकमत नाही. आमच्याकडे ग्व्याज्दोर आणतो, दाढी, मेंढीच्या कातड्याचा कोट आणि हातात छडी घेतलेला. पोरांना कविता म्हणायला लावतो आणि मगच देतो. तुझ्या मैत्रिणीकडे, ऋता, बहुधा देवदूत आणत असेल. सायलेशियात बाळयेशू आणतो. त्यामुळे तिथल्या पोरांसमोर सांताचं नाव आपणहून काढू नकोस.

---

अभय_ठाणे | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

वाचायला छान वाटतंय, पण त्या रिकाम्या जागेबद्दल मला शंका आहे. अनोळखी माणसाने २४च्या रात्री खरोखर दार ठोठावलं तर आत घेतील? आपल्याकडेही अतिथी देवो भव म्हणतो आणि सोसायटीच्या गेटवर वही भरून घेतो. ताट मांडलं की मन मोकळं होतं, करायचं काहीच उरत नाही.

---

सुनीता_पोझनान | ९ डिसेंबर, सकाळी १०:१०

@अभय, प्रश्न रास्त आहे. मी लग्नानंतर सासूबाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कुणी आपणहून दार वाजवत नाही, लोकांना लाज वाटते, म्हणून आठवडाभर आधी आपणच जाऊन सांगायचं. आमच्या जिन्यात एक आजोबा एकटे राहायचे. वारले त्या वर्षापर्यंत दर २४ला ते आमच्याकडे त्या जागेवर जेवले. आता माझ्या मुलीच्या वसतिगृहातली, घरी जाता न येणारी पोरं येतात. मध्ये युक्रेनमधून आलेली एक आई आणि तिची दोन मुलं होती, तेव्हा जास्तीच्या खुर्च्या शेजारून आणल्या.

सगळ्या घरांत असं होतं असा दावा नाही. नुसतं ताट मांडणारी घरंही आहेत. पण ऋता, तुला बोलावलंय ते याच रीतीतून असेल असं मला वाटतं. तू त्या जागेवर बसलीस तर ते घर फार सुखावेल.

---

फुलवा | ९ डिसेंबर, सकाळी १०:३३

सुनीताताई, _/\_

---

करवीरकर | ९ डिसेंबर, रात्री ११:३०

निनादराव, तुम्ही सायबेरियाचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. त्या रात्री उचलून नेलेल्यांतली काही माणसं आमच्या कोल्हापुरात येऊन राहिली होती.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात : १९४० आणि ४१ साली पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केल्यावर स्टालिनने पोलिश सरकारशी करार केला आणि हे लोक सुटले. या सुटलेल्यांतून उभ्या राहिलेल्या जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२मध्ये हजारो बायका-मुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. तिथून काही आफ्रिकेत गेली, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोला आणि काही भारतात. जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या महाराजांनी, जामसाहेबांनी, मुलांना आसरा दिला ते बऱ्याच जणांना माहीत आहे. त्याहून मोठी वस्ती कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचं सभागृह, स्काउटांची पथकं, सगळं गाव उभं होतं.

माझ्या आज्जीचं माहेर त्या बाजूचं. तिला पोलिश येत नव्हतं आणि त्यांचा सण काय असतो तेही ठाऊक नव्हतं. डिसेंबरातल्या एका रात्री तळावरून उशिरापर्यंत गाणी ऐकू यायची, एवढं ती सांगायची. ती रात्र कुठली असणार ते हा धागा वाचून कळलं.

आता विचार करा. ल्वूफकडच्या घरात राहिलेल्यांनी यांच्या नावाने ताट रिकामं ठेवलं असेल, आणि वळिवड्यात बसलेल्यांनी घरच्यांच्या नावाने. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली. बरीच मंडळी परत गेलीच नाहीत, इंग्लंडला आणि पुढे कुठे कुठे गेली. तळाच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. स्वस्तात साड्या घ्यायला आपण जातो तिथे हे सगळं घडलंय.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं तेव्हा बातमीत पाहिलं असेल. ऋताताई, त्या घरातल्या आजीला कोल्हापूरबद्दल जरूर सांगा.

---

निनाद_व्रोत्स्वाफ | १० डिसेंबर, सकाळी ७:०५

करवीरकर, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. घरमालकिणीला आज सांगणार आहे. वळिवडे कुठे आहे ते नकाशावर दाखवायला हवं.

---

अभय_ठाणे | १० डिसेंबर, सकाळी ९:२०

सुनीताताई, करवीरकर, दोघांचे आभार. माझी शंका सगळी गेलेली नाही, पण ज्या घरातलं माणूस खरोखर गेलंय तिथे त्या ताटाकडे मी बघत होतो तसं बघता येणार नाही, हे पटलं.

---

प्राणीमित्र_अ | १० डिसेंबर, दुपारी १२:४८

कार्पबद्दल कुणी बोलत नाही. जिवंत मासा आणून दोन-तीन दिवस बाथटबमध्ये ठेवायचा, पोरांनी त्याला नाव ठेवायचं आणि २४ला मारायचा. ही परंपरा जपण्यासारखी आहे का?

---

सुनीता_पोझनान | १० डिसेंबर, दुपारी ३:१५

नाही, आणि इथल्याही पुष्कळ लोकांना ती नको आहे. मोठ्या दुकानसाखळ्यांनी जिवंत मासा विकणं बऱ्यापैकी थांबवलंय, लोक कापलेले तुकडे आणतात. कार्पपालन जुनं आहे, सिस्टर्शियन मठवासीयांनी मध्ययुगात तळी खोदली, मिलिच आणि झातोरची तळी आजही प्रसिद्ध आहेत. पण घराघरांत कार्प पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. समुद्री मासे मिळेनात, फ्रीज नव्हते, सरकारी तळ्यांतला कार्प स्वस्त होता. बाथटब ही त्या टंचाईची सोय होती. टंचाई गेली, तशी ती सोयही जावी.

कार्पचा एक खवला पाकिटात ठेवायची पद्धत मात्र अजून आहे, वर्षभर पैसा टिकतो म्हणतात. ऋता, तुला कुणी खवला देऊ केला तर शाकाहारी म्हणून नाही म्हणू नकोस, तो खायचा नसतो :)

---

निनाद_व्रोत्स्वाफ | १० डिसेंबर, सायंकाळी ५:४०

सुनीताताई, इथे मी थोडा वेगळा विचार करतो. बाथटबचं सोडा, पण घरमालकीण मिलिचच्या तळ्यावरून शेतकऱ्याकडूनच मासा आणते, त्या शरदातली तळी उपसण्याची जत्रा, ती माणसं, हे सगळं दुकानातल्या पाकिटात उरत नाही. मारण्याचं काम जाणत्या माणसाने तिथेच करावं एवढं खरं.

---

बार्देसकार | ११ डिसेंबर, सकाळी ११:००

गोव्यातून देव बरें करूं. आमच्याकडे पोर्तुगीजांकडून आलेला कोन्सोआदा हा शब्द आहे. पोर्तुगालमध्ये तो २४च्या रात्रीच्या जेवणाला म्हणतात, आमच्याकडे शेजाऱ्यांना पाठवायच्या गोडाच्या ताटाला. नेवऱ्या, दोदोल, बिबिंका, कलकल. शेजारच्या हिंदू घरी ताट जातं आणि चवथीला-दिवाळीला त्यांच्याकडून येतं. पोलंडमध्ये अनोळख्याला घरात बोलावतात, आम्ही ताट घेऊन त्याच्या दारात जातो.

---

मेधा_व | ११ डिसेंबर, दुपारी ४:३०

थोडं अवांतर : ऋता, क्राकोत आहेस तर शोप्का, म्हणजे येशूजन्माचे देखावे, पाहिल्यास का? डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मुख्य चौकात कवी मित्सकियेविचच्या पुतळ्यापाशी सगळे आपापले देखावे आणून मांडतात. १९३७पासून स्पर्धा होते, युनेस्कोने २०१८मध्ये वारसा म्हणून नोंद केली. येशूचा जन्म दाखवायचा, पण गोठा नाही! क्राकोतल्या चर्चचे मनोरे, वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलचा घुमट, सगळं चांदी-सोन्याच्या चमचमत्या कागदात. हिवाळ्यात बांधकाम बंद पडलं की गवंडी पोटासाठी ही शोप्का करून घरोघर दाखवत फिरायचे, तिथून सुरुवात. काही तर माणसाहून उंच असतात.

---

ऋता_क्राको | ११ डिसेंबर, रात्री ८:१५

मेधाताई, यंदाचा गुरुवार ऑफिसमुळे हुकला, पण नंतर संग्रहालयात मांडतात, शनिवारी जाणार आहे.

करवीरकर, तुमचा प्रतिसाद मी मैत्रिणीला तोंडी भाषांतर करून सांगितला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग तिने आईला फोन लावला.

---

जुनाजाणता | ११ डिसेंबर, रात्री १०:४०

एक भर घालतो. १९८१च्या १३ डिसेंबरला पोलंडमध्ये मार्शल लॉ लागला. हजारो लोक अटकेत, रस्त्यावर रणगाडे, फोन बंद. त्या नाताळात कितीतरी घरांतली रिकामी जागा नवऱ्याची किंवा मुलाची होती. रात्रीची संचारबंदी असूनही २४ला ती उठवावी लागली, कारण पास्तेर्काला लोकांना अडवणं त्या सरकारलाही जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा मी कॉलेजात होतो, वर्तमानपत्रांत रोज पोलंड असायचा.

आणि अलीकडची गोष्ट : २४ डिसेंबर हा २०२४ सालापर्यंत कामाचा दिवस होता, माणसं अर्ध्या दिवसाने धावत घरी जायची. कायदा बदलला आणि २०२५पासून त्या दिवशी सुट्टी आहे.

---

निनाद_व्रोत्स्वाफ | ११ डिसेंबर, रात्री ११:०२

@जुनाजाणता, बरोबर. म्हणूनच ऋता, खरेदी २३लाच उरक. २४ला दुकानं बंद, आणि दुपारनंतर बस फारच कमी होतात. मैत्रिणीच्या गाडीतून जात असशील तर उत्तम.

---

खवय्या_नारायणपेठ | १२ डिसेंबर, सकाळी ७:५०

सगळं झालं, पण न्यायचं काय ते ठरलंच नाही!

---

वसईची_लेक | १२ डिसेंबर, सकाळी ९:३०

करंज्या ने. आमच्या नाताळच्या डब्यात त्या असतात, गोव्याच्या ताटात नेवऱ्या म्हणून असतात, आणि तुझ्या आईच्या दिवाळीच्या फराळातही. मांस नाही, उपासाच्या जेवणात बसतात, चार दिवस टिकतात. सारणात खसखस आहेच, पोलिश माणसाला ती चव ओळखीची वाटेल.

---

फुलवा | १२ डिसेंबर, सकाळी ९:४४

+१. अनुमोदन!

---

ऋता_क्राको | १२ डिसेंबर, दुपारी १:२०

ठरलं, करंज्या! सुकं खोबरं इथल्या दुकानात मिळतं. खसखस मात्र काळी-निळीच दिसते, पांढरी कुठेच नाही. सारण काळं होईल ना?

---

सुनीता_पोझनान | १२ डिसेंबर, दुपारी २:०५

काळं होईल आणि चवही वेगळी लागेल. पांढरी खसखस आमच्या पोझनानला मिळते. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, इथे जे चंद्रकोरी रोगाल खातात त्यांचं सारण पांढऱ्याच खसखशीचं असतं. माझ्याकडे अर्धा किलोचं न फोडलेलं पाकीट आहे. तुझ्या घराजवळच्या पार्सल लॉकरचा क्रमांक मला व्यक्तिगत निरोपाने कळव, उद्या सकाळी टाकते. भाजताना आच मंद ठेव, ही लवकर लागते.